वाचनालयासाठी सॉफ्टवेअर हवे आहे, विक्रेता आरएफआयडीचे गेट गळ्यात मारतोय. काय करावे?

सत्तरीकर_चिटणीस

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा मी चिटणीस. वाचनालय देवळाच्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर आहे. पुस्तके सहा हजारांच्या आसपास. बहुतेक मराठी, एक कपाटभर कोंकणी (त्यात थोडी रोमी, म्हणजे रोमन लिपीतली), बालविभाग वेगळा. शिवाय एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जुन्या घरातून आलेली पोर्तुगीज पुस्तकांची दोन खोकी आहेत, ती अजून कोणी उघडलेली नाहीत. सभासद शंभरावर, पण नेमाने येणारे तीस-चाळीसच. चवथीला मुंबईकर घरी आले की गर्दी होते, आणि जाताना एखादी पिशवीभर पुस्तकेही देऊन जातात. गावातलीच एक मुलगी रोज संध्याकाळी येऊन देवघेव बघते. तिला पगार म्हणण्यासारखा नाही, मानधन देतो.

आजवर सगळा कारभार वह्यांवर चालला. दाखलनोंदीच्या चार जाड वह्या, देवघेवीचे रजिस्टर, सभासदांची कार्डे. काही वर्षांपूर्वी एका कार्यकर्त्याने पहिल्या दोन वह्या एक्सेलमध्ये उतरवल्या होत्या. ती फाइल सापडली, पण उघडली की नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मराठीचे नाव नाही.

आता मुद्दा. गावच्याच एका मुंबईस्थित गृहस्थाने देणगी दिली आहे, अट एकच, 'वाचनालय डिजिटल करा'. ही रक्कम एकदाच मिळणार, दरवर्षी नाही. अध्यक्षांनी पणजीत कुठेतरी दारातले ते गेट पाहिले आणि त्यांच्या मनात भरले. मग एक विक्रेता येऊन गेला. कोटेशनमध्ये प्रत्येक पुस्तकाला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी पट्टी), दारात गेट, सभासदाने स्वतःच पुस्तक नोंदवायचे यंत्र, मोबाइल ॲप आणि सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क असे सगळे आहे. सगळ्या नोंदी त्यांच्या क्लाउडवर राहणार. 'डेटा तुमचाच' असे तोंडी म्हणाला. कागदावर तसे काही दिसत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. नेट आहे, पण वाटेत झाड पडले की गेले. संगणक एकच, तोही जुना.

गेट घ्यावे का? मराठीत धड शोध होईल असे सॉफ्टवेअर कोणते? त्या एक्सेल फाइलचे काही करता येईल का? आणि पोर्तुगीज खोक्यांचे काय करायचे? समितीची सभा लवकरच आहे, तेव्हा जरा स्पष्ट सांगा.

डिचोलीचा_वाचक

आमचे वाचनालय तुमच्याहून लहान आहे आणि ते गुगल शीटवर चालते. एका पानावर पुस्तके, दुसऱ्यावर सभासद, तिसऱ्यावर देवघेव. यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर लावला की तो आकडा टाइप केल्यासारखा चौकटीत येऊन पडतो, त्याला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. उशीर झालेली पुस्तके लाल दिसतात. खर्च स्कॅनरचा तेवढा.

अडचणीही सांगतो. कोणी चुकून एकाच रकान्याची वर्गवारी केली की ओळी फिसकटतात. रकाने कुलूपबंद करून ठेवावे लागतात. मागणी नोंदवून रांगेत ठेवायची सोय आम्ही वहीवरच ठेवली आहे. सहा हजार पुस्तकांना हे पुरेल की नाही हे जाणकार सांगतील, पण सॉफ्टवेअर घेण्याआधी वर्षभर असे चालवून बघायला काय हरकत आहे?

म्हापशाची_ग्रंथपाल

चिटणीस, तुमचे कोटेशन न बघताच सांगते, गेट काढून टाका. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यापासून बार्देश-पेडण्यातल्या गावच्या वाचनालयांचे काम हौसेने अंगावर घेते. त्या जोरावर बोलते आहे.

गेट काय करते? नोंद न करता बाहेर निघालेले पुस्तक पकडते. गावच्या वाचनालयातून पुस्तके अशी जातच नाहीत. ती रीतसर नोंद होऊन जातात आणि परत येत नाहीत. सभासद मुलीकडे पुण्याला गेला, पुस्तक तिथेच राहिले. शेजारीण 'वाचून देते' म्हणून घेऊन गेली ती गेलीच. या दोन्ही वेळी गेट गप्प उभे राहणार. तुम्हाला हवी आहे ती वेळेवर जाणारी आठवण, आणि ती आठवण पाठवायला गेट लागत नाही.

आरएफआयडी वाईट आहे असे नव्हे. दिवसाला शेकडो पुस्तके हलतात तिथे गठ्ठा ठेवला की सगळी एकदम नोंद होतात, कपाटासमोरून हातातला रीडर फिरवला की मोजणी होते. पण ग्रंथालयांत चालतात ते १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग धातूपाशी बिचकतात. लोखंडी कपाटाच्या पत्र्याला टेकून उभे असलेले पुस्तक रीडरला नीट वाचता येत नाही, आणि आपल्या गावांतली कपाटे कसली असतात ते तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या तीस-चाळीस वाचकांना बारकोड पुष्कळ झाला.

बारकोडचा आकडा म्हणजे तुमचा दाखल क्रमांकच ठेवा, नवी भानगड नको. सहा आकडी करा, पुढे शून्ये लावून, म्हणजे ००००१२, ००४३१७ असे. एक्सेलमध्ये तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर पुढची शून्ये एक्सेल गिळून टाकते. आयएसबीएनचा (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) रकानाही तसाच, नाहीतर तेरा आकड्यांचे ९.७८ई+१२ होते आणि फाइल सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) जतन झाली की मूळ आकडा परत मिळत नाही.

लेबले डायरेक्ट थर्मल कागदावर छापून घेऊ नका. बसचे तिकीट येते तो कागद. उन्हाने, उष्णतेने आणि हाताळण्याने छपाई जाते. रिबनचा प्रिंटर नसेल तर साध्या लेझर प्रिंटरवर स्टिकरच्या पानांवर छापा आणि वर पारदर्शक पट्टी लावा. पट्टी लेबलापेक्षा चारी बाजूंनी मोठी हवी, नाहीतर जुलैच्या दमटपणात कडा उचलतात. गावात कोणी खळ लावून चिकटवू पाहील तर हात धरा. पिठाची खळ म्हणजे कसरीला मेजवानी. आणि लेबल कव्हरवर लावा, आत नको, म्हणजे मोजणीच्या वेळी पुस्तक उघडायला लागत नाही.

आता खरे काम. तुमच्या वाचनालयाची मालमत्ता त्या चार वह्यांत आहे. सॉफ्टवेअर आज एक, दहा वर्षांनी दुसरे. म्हणून विक्रेत्याला एकच पत्र लिहा: आमच्या सर्व पुस्तकांच्या नोंदी मार्क २१ (ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा) मध्ये, आणि सभासद व देवघेव सीएसव्हीमध्ये, आम्ही मागू त्या दिवशी, वेगळे पैसे न घेता मिळतील का? आणि ऑर्डर देण्याआधी वीस मराठी पुस्तकांची नमुना फाइल द्याल का? मला माहीत असलेल्या एका वाचनालयाने हे विचारले नाही. शुल्क थकले तेव्हा लॉगिन बंद झाले, आणि नोंदी मिळाल्या त्या पीडीएफच्या छापील याद्या. पुन्हा पहिल्यापासून टायपिंग.

तुमच्या एक्सेलचे सांगते. ती फाइल युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटात आहे. त्या फाँटांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असायचे, म्हणून फाँट नसला की रोमन दिसते. फाइल टाकू नका. फॉर्मॅटमध्ये फाँटचे नाव लिहिलेले असते ते बघा, त्या फाँटाचा युनिकोड परिवर्तक नेटवर बहुधा मिळतो. बदलून झाल्यावर दोन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उलटे. परिवर्तक चुकतात ते इथेच. मग ळ, क्ष, श्र आणि जोडाक्षरे बघा. एवढे करूनही पुन्हा टाइप करण्यापेक्षा हे लवकर होते.

आणि हे जरा नीट वाचा, कारण हे कोणताच विक्रेता सांगत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. तसेच 'ॲ'. एक सलग अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून लिहीत आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसेच लिहितात. म्हणजे तुमच्या मुलीने एका कीबोर्डवर नोंद केली आणि सभासदाने मोबाइलवर दुसऱ्याने शोधले, तर पुस्तक कपाटात असून 'आढळले नाही' म्हणून उत्तर येते. उपाय साधा आहे. टाइप करणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या आणि फाइल सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याआधी शोधा-बदला करून एकच रूप ठेवा.

लेखकांच्या नावांचेही तसेच. बा. भ. बोरकर, बा.भ.बोरकर, बाळकृष्ण भगवंत बोरकर, आणि आमच्या वहीत एका जागी नुसते 'बाकीबाब'! शिवाय ते मराठीतही आहेत आणि कोंकणीतही. एक रूप ठरवा, आडनाव आधी, टिंबानंतर जागा सोडायची की नाही तेसुद्धा ठरवा, आणि ते कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. ओपनरिफाइन नावाचे फुकट साधन सारखी दिसणारी नावे एकत्र काढून दाखवते, पण कोणते ठेवायचे ते माणसानेच ठरवायचे.

सॉफ्टवेअरमध्ये माझे मत कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते लिहिले गेले, २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झाले, आणि मुक्त परवान्यावर सगळ्यांना खुले आहे. परवान्याचे पैसे नाहीत, पण ते बसवून देणारा आणि अडल्यावर येणारा माणूस लागतो, त्याचे पैसे देणगीतून बाजूला काढा. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचे ई-ग्रंथालय हाही पर्याय आहे, ४.० आवृत्ती वेबवर चालते. तुमच्यासारख्या संस्थेला ते मिळते का याची चौकशी एनआयसीच्या कार्यालयात करा, मिळाले तर सर्व्हरची कटकट वाचेल. सोल हे तसलेच सॉफ्टवेअर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या संस्थेचे, ते मुख्यतः कॉलेज-विद्यापीठांसाठी, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

डिचोलीकरांचे म्हणणे मला मान्य आहे, अर्धे. शीट ही नोंदी तयार करायला उत्तम जागा आहे. सहा हजार पुस्तकांची देवघेव तिच्यावर मी चालवणार नाही.

लिनक्सप्रेमी_पर्वरी

ताईंनी माणूस लागतो म्हटले, त्या माणसाच्या बाजूने लिहितो.

क्लाउड घेऊच नका. वाचनालयातच एक मशीन ठेवा, ४ जीबी रॅम असलेला जुना डेस्कटॉप, डेबियन लिनक्स, त्यावर कोहा. मुलगी त्याच खोलीतल्या दुसऱ्या संगणकावरून किंवा लॅपटॉपवरून ब्राउझरमध्ये उघडेल. नेट गेले तरी देवघेव चालू. वीज जाते म्हणता, तर सर्व्हर आणि राउटर दोन्हींना यूपीएस हवा. राउटरला लोक विसरतात. तासभर वीज नसेल तर सरळ मशीन नीट बंद करा आणि देवघेव चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीला व्हायरस लागत नाही.

मराठीसाठी एक गोष्ट आवर्जून. कोहाची शोधसूची झेब्रा नावाचा त्याचा जोडीदार प्रोग्राम बनवतो. तो बसवताना जुनी अक्षरपद्धत आणि आयसीयू (युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या हाताळणारी पद्धत) असे दोन पर्याय असतात. देवनागरीसाठी आयसीयू लागते. बसवणाऱ्याने ते केले नाही तर मराठी शब्दशोध विचित्र वागतो आणि लोक कोहाला नावे ठेवतात. आयसीयूच्या नियमांच्या फाइलीत ताईंनी सांगितलेली ऱ आणि ॲ ची दोन रूपे एक करायचा नियमही लिहिता येतो. नियम बदलला की सूची पुन्हा बांधायची.

बॅकअप. डेबियनवरचे कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेते, पण मुळात दोनच दिवसांचे ठेवते, आणि तेही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की सगळे गेले. आणि रात्री मशीन बंद करून जात असाल तर बॅकअपची वेळ संध्याकाळी उघडे असतानाची करून घ्या. एक पेनड्राइव्ह चिटणिसांच्या घरी, एक प्रत कूटबद्ध करून गुगल ड्राइव्हवर. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

एसएमएसच्या नादी लागू नका. आता संस्थेला एसएमएस पाठवायचे तर डीएलटी (दूरसंचार कंपन्यांकडची) नोंदणी, मजकुराचे साचे मंजूर करून घेणे वगैरे सोपस्कार आहेत. कोहा ईमेल पाठवते. गावात ईमेल कोण बघतो म्हणाल, तर मुदत उलटलेल्यांची यादी आठवड्याला एकदा काढा आणि मुलीने व्हॉट्सॲपवर एकेकाला लिहावे. तीस माणसांना एवढे पुरते. ग्रुपवर नावे टाकू नका, भांडणे होतात.

सत्तरीकर_चिटणीस

सगळ्यांचे आभार. गेटचे पटले, अध्यक्षांना पटवणे माझ्याकडे लागले.

ताई, आणखी थोडे विचारतो. राहिलेल्या दोन वह्या टाइप कोणी करायच्या? विक्रेता म्हणाला होता की आयएसबीएन टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप येते. आणि पहिल्या वहीत किमतीच्या रकान्यात काही ठिकाणी रुपयेच नाहीत, वेगळीच नाणी आहेत. त्यांचे काय करायचे?

म्हापशाची_ग्रंथपाल

आपोआप येते ते इंग्रजी पुस्तकांचे. तुमच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन छापलेलाच नसतो. नव्यांवर असतो, ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा, पण जगभरच्या सूच्यांत ते पुस्तक असेलच असे नाही. कोहातून झेड ३९.५० ने (ग्रंथालयांची एकमेकांच्या सूचीत शोधायची ठरलेली पद्धत) अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची नोंद ओढता येते, तिथे मराठी पुस्तके भरपूर आहेत. पण ती बहुतेक रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली रेघा-टिंबे देऊन लिहिलेली. तुमचा सभासद तशी शोधणार नाही. म्हणजे देवनागरीत तुम्हालाच लिहावे लागणार.

टाइप करू नका, बोला. एकाने वही वाचायची, दुसऱ्याने मोबाइलवर मराठी आवाज-टंकलेखन लावून शीटमध्ये भरायचे. मराठी शब्द बरे येतात, आडनावे आणि प्रकाशकांची नावे बिघडतात, ती हाताने नीट करायची. उन्हाळी सुट्टीत बारावीची मुले मिळतात. मानधन द्या, आणि रोज संध्याकाळी त्यातली काही पाने पुस्तकाशी ताडून बघा. वहीशी नव्हे, पुस्तकाशी. कारण वहीत असलेले प्रत्येक पुस्तक कपाटात असेलच असे नाही. शेरा रकान्यात बघा, 'कसरीने खाल्ले, रद्द', 'हरवले', 'पाने गळाली' अशा नोंदी सापडतील. रद्द झालेल्या पुस्तकांचे क्रमांक पुन्हा वापरू नका. ती ओळ तशीच ठेवून 'रद्द' म्हणा.

वहीतले सगळे रकाने नव्याने भरायचेच असे नाही. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, भाषा, वर्ग क्रमांक, दाखल क्रमांक आणि कोठून आले, एवढे बास. शीट तयार झाली की मार्कएडिट हे फुकट साधन तिच्यातून मार्क नोंदी करून देते. मार्कमध्ये रकान्यांना आकडे असतात: शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये, आणि प्रतीची माहिती कोहाच्या ९५२ मध्ये. फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हे होतील. आधी पन्नासच नोंदी चढवून बघा.

ती वेगळी नाणी म्हणजे पोर्तुगीज काळातली. १९५८ नंतरची खरेदी असेल तर एस्कुदो, त्याआधीची असेल तर रुपिया आणि टांगा. रुपयांत बदलू नका! लिहिले आहे तसे टिपणीच्या रकान्यात उतरवा. पुस्तक केव्हा आणि कोणत्या राजवटीत विकत घेतले ते त्या एका रकान्यात दिसते, आणि तसली वही असलेले वाचनालय गोव्यात फार नसेल. त्या वहीची पाने आधी मोबाइलने स्वच्छ उजेडात टिपून ठेवा. आज, सभेची वाट न बघता. तारखांचा रकानाही टेक्स्टच ठेवा. एखाद्या पुस्तकावर १८९० च्या दशकातली तारीख निघाली तर एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून मानतच नाही.

तपासणीला कागदी दाखलनोंद वही मागितली तर हातात असावी, म्हणून ती बंद करू नका. नव्या पुस्तकांची नोंद वहीतही करा.

साष्टीचा_रोमी_वाचक

मडगावहून. कोंकणीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

भाषेचा रकाना रिकामा सोडू नका. मार्कमध्ये मराठीला एमएआर, कोंकणीला केओके, पोर्तुगीजला पीओआर असे तीन-तीन अक्षरांचे ठरलेले कोड आहेत. देवनागरी दिसली की मराठी असे टाकून मोकळे होऊ नका. मी एका वाचनालयाच्या सूचीत कोंकणी कवितांचे अख्खे कपाट मराठी म्हणून पाहिले आहे.

रोमी पुस्तके रोमीतच नोंदवा, मुखपृष्ठावर आहे तशी. पण तुमच्या सभासदांना शोधता यावीत म्हणून देवनागरीत केलेले शीर्षक पर्यायी शीर्षकाच्या २४६ या रकान्यात घाला. मोठी ग्रंथालये दुसऱ्या लिपीसाठी ८८० वापरतात, पण तुम्हाला २४६ सोपे पडेल.

वर्गीकरणाचे काय करता तुम्ही लोक?

म्हापशाची_ग्रंथपाल

बाब, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. डेवीच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि कोंकणी साहित्य ८९१.४६९. म्हणजे मराठीच्या पोटात. कोंकणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, या ज्या वादावर १९६७ च्या (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या) जनमत कौलापासून इथे रणे माजली, १९८७ च्या राजभाषा कायद्याने ज्याचा कसाबसा निकाल लावला, त्यावर तिकडे कोणीतरी एक आकडा लावून मोकळा झाला. मी डेवीचेच क्रमांक ठेवते, कारण ते बदलले की इतरांच्या नोंदी जुळत नाहीत, पण कोंकणीला कपाट स्वतंत्र देते. क्रमांक डेवीचा, जागा आपली.

चिटणीस, तुम्हाला पूर्ण डेवी नको. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३, आणि पुढे लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरे. सत्तरीत नाटकाचे कपाट तुमचे सगळ्यांत मोठे असेल, पैजेवर सांगते. कालोत्सवातल्या (देवळाच्या उत्सवातल्या) नाटकांआधी तेच रिकामे होते. नाटकांच्या प्रती मोजून ठेवा, एकाच नाटकाच्या पाच-सहा प्रती पात्रांसाठी म्हणून घेतलेल्या असतात. त्या कोहात एकाच नोंदीखाली वेगवेगळ्या प्रती म्हणून दाखवायच्या, वेगळी पुस्तके म्हणून नव्हे.

लिनक्सप्रेमी_पर्वरी

सभासदांची कार्डे कोहात भरताना आधारचे झेरॉक्स स्कॅन करून चिकटवू नका. जुन्या फायलीत असतील तर त्याही काढा. नाव, वाडा, फोन, अनामत किती, एवढे पुरे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नको. कोहात परत आलेल्या पुस्तकांचा सभासदनिहाय इतिहास किती दिवस ठेवायचा ते ठरवता येते. कोणी काय वाचले याची चर्चा देवळाच्या पायरीवर नको असेल तर मुदत कमी ठेवा.

म्हापशाची_ग्रंथपाल

खोक्यांचे राहिले. स्कॅनर विकत घेऊ नका आणि खोकी उन्हात वाळत घालू नका, जुना कागद ठिसूळ होतो. कोरड्या खोलीत पंख्याखाली उघडा, नाकाला फडके बांधा, मऊ ब्रशने धूळ काढा, वाळवीची माती दिसली तर ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. मग फक्त यादी करा: लेखक, शीर्षक, छापल्याचे गाव, वर्ष. पोर्तुगीज वाचता येत नसले तरी मुखपृष्ठाचे आणि शीर्षकपानाचे मोबाइलने चित्र घ्या.

ती यादी घेऊन पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेले ते ग्रंथालय आहे, तुमच्या खोक्यातले बरेचसे त्यांच्याकडे असणार. जे त्यांच्याकडेही नसेल ते तुमचे मोल. स्कॅन करायचे ते तेवढेच.

हक्कांचे असे, की आपल्याकडे लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजतात. ती मुदत संपली नसली तरी पुस्तक जपण्यासाठी म्हणून डिजिटल प्रत ठेवायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्यात मुभा आहे, मूळ छापील प्रत तुमच्याकडे असली तर. पण ती प्रत व्हॉट्सॲपवर फिरवायची मुभा नाही. हे समितीतल्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा.

सभेत मांडायला क्रम देते: आधी पहिल्या वहीची छायाचित्रे, मग जुन्या फाइलचे युनिकोड, मग उरलेल्या वह्या, मग लेबले, सगळ्यांत शेवटी कोहा. अध्यक्षांना दारात काही चकचकीत हवेच असेल तर एक पडदा लावा आणि त्यावर नवीन आलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे दाखवा. गेटपेक्षा स्वस्त, आणि लोक थांबून बघतात.

विक्रेत्याने निर्यातीबद्दल लेखी काय दिले ते इथे टाका. त्याने नमुना फाइल दिली तर मला पाठवा, मी मार्कएडिटमध्ये उघडून सांगते तिच्यात मराठी शाबूत आहे की नाही.